पावतीवरचं ‘हस्ते’ आणि मोबाइलवरचा ओटीपी

‘इंटरनेट आणि आपलं घर’ या विषयावर लिहायचं ठरलं तेव्हा मंडळातल्या बहुतेकांनी रील्स, ऑनलाइन लेक्चर्स, फॅमिली ग्रुपवरचे गुड मॉर्निंग असे विषय उचलले. माझ्या डोळ्यांपुढे आलं ते हैदराबादच्या नल्लकुंट्यातलं माझं आजोळ. तिथे माझी मामी आहे आणि तिच्याकडे दोन सिमचा एक मोबाइल आहे. सिम १ तिचं, सिम २ आजोबांचं. हा लेख त्या मोबाइलबद्दल आहे. घरातल्या आजारी माणसाची काळजी घेणारे लोक इंटरनेट कसं वापरतात आणि सगळं हाताशी असूनही ते कुठे बाहेर राहतात, हे मी त्या एका घरातून समजून घ्यायचा प्रयत्न केला आहे.

आधी जागेबद्दल थोडं. तेलुगूत ‘नल्ल’ म्हणजे काळं आणि ‘कुंटा’ म्हणजे छोटं तळं. फीव्हर हॉस्पिटल, शंकर मठ आणि भाजीबाजार या तिथल्या खुणा. काचीगुडा स्टेशनही जवळच. या भागात मराठी घरं कशी, असं मला कॉलेजात नेहमी विचारतात. उत्तर इतिहासात आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. नांदेड-परभणीच्या माणसाला शिक्षणासाठी, नोकरीसाठी, कोर्टकचेरीसाठी जायचं शहर म्हणजे हैदराबाद. राज्याच्या सीमा बदलल्या, पण तिथे स्थिरावलेली कुटुंबं तिथेच राहिली. माझे आजोबा त्यांपैकी एक. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, आज ८३ वर्षांचे. गेली पाच वर्षं त्यांना स्मृतिभ्रंश आहे, ज्याला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. मामी ५४ वर्षांची, माहेर नांदेडचं. मामा सकाळी आठला दुकानात जातो तो रात्री नऊला येतो. मधल्या तेरा तासांत आजोबा मामीचे.

‘करणं’ या क्रियापदाबद्दल

आपलं मंडळ वाङ्मयाचं आहे, म्हणून सुरुवात शब्दापासून करते. इंग्रजीतल्या ‘केअरगिव्हर’ला मराठीत काय म्हणायचं? पुस्तकी शब्द ‘काळजीवाहक’. ‘काळजीवाहू’ असा शब्दही आहे, पण तो राजकारणाने पळवला. मोबाइलवर ‘काळजीवाहू’ शोधून पाहा, पुढे मुख्यमंत्रीच येतात. ‘शुश्रूषा’ दवाखान्याच्या पाटीवर शोभतो. ‘उस्तवारी’ हा सुरेख जुना शब्द आता फक्त आजीच्या तोंडी उरलाय.

घरात आपण यांतला एकही शब्द वापरत नाही. आपण म्हणतो, “मामंजींचं सगळं तीच करते.” किंवा, “तिनं सासूचं फार केलं हो.” काय केलं, ते वाक्यात नसतंच. आंघोळ, औषधं, रात्रीचं उठणं, डॉक्टर, बँक, चिडचिड हे सगळं त्या एका ‘करणं’मध्ये मावतं. ज्या कामाला नाव नाही ते कोणत्याच फॉर्ममध्ये भरता येत नाही, ही गोष्ट पुढे आपल्या उपयोगाला येणार आहे.

आणखी एक. मराठीत ‘काळजी’चे दोन अर्थ आहेत. काळजी घेणं आणि काळजी करणं. इंग्रजीत त्याला दोन वेगळे शब्द लागतात, आपण एकाच शब्दात दोन्ही सांभाळतो. मामीचा मोबाइल मी आठ दिवस जवळून पाहिला तेव्हा हे दोन्ही अर्थ एकाच पडद्यावर दिसले.

आठ दिवसांची वही

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी नल्लकुंट्याला गेले होते. मामीला विचारून मी एका वहीत रोज टिपत गेले, तिनं मोबाइल कशासाठी हातात घेतला. पहिल्या दिवशी ती हसली. “हे काय लिहूलालीस? मी कुठं मोबाइल वापरते?” आठव्या दिवशी तिनंच वही वाचली आणि गप्प झाली. त्यातल्या काही नोंदी अशा:

पहाटे २.४०. आजोबा उठून ‘घरी जायचंय’ म्हणतायत. घरातच आहेत. मामीनं माइकचं बटण दाबून मराठीत विचारलं, “म्हातारं माणूस रात्री घरी जातो म्हणलं तर काय करावं?” एक मराठी व्हिडिओ सापडला. त्यात सांगितलं होतं, वाद घालू नका, ‘हो, जाऊ’ म्हणा, थोडं पाणी द्या, विषय बदला. तिनं तसं केलं. आजोबा तीनला झोपले.

सकाळी ९. डॉक्टरांची व्हिडिओवर वेळ. सिम २ वर ओटीपी.

सकाळी ११. औषधाच्या दुकानाला व्हॉट्सॲपवर चिठ्ठीचा फोटो.

दुपारी ३. वीजबिल. खातं आजोबांचं, सिम २ वर ओटीपी.

संध्याकाळी ६. मला पुण्या-मुंबईच्या मावश्यांना पाठवायला आजोबांचा फोटो. “आज छान जेवले” असं खाली लिहिलेलं. त्या दिवशी ते जेवले नव्हते.

रात्री ११. “डिमेन्शिया किती वर्षं राहतो” हा शोध. हा तिनं माइकवर विचारला नाही, हळूहळू टाइप केला. कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून असेल.

वही पाहून मला दोन गोष्टी कळल्या. पहिली, मामी मोबाइल चांगला वापरते. दुसरी, दिवसातली बरीच कामं ती आजोबा बनून करते.

चार पायऱ्या चढूनही

‘डिजिटल वंचितता’ म्हटलं की आपल्याला मोबाइल नसलेला, नेटवर्क नसलेला माणूस दिसतो. ते खरंच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया देशात ३३.३ टक्के होत्या आणि पुरुष ५७.१ टक्के. तेलंगणात स्त्रिया २६.५ टक्के, पुरुष ५७.४ टक्के. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवू. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातल्या माणसांची विनामोबदला काळजी घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १३७ मिनिटं देतात, आणि हे काम करणारे पुरुष ७५ मिनिटं. म्हणजे काळजी घेण्याचा भार जिच्यावर जास्त, इंटरनेट तिच्याच हाती कमी. गंमत म्हणजे पहिला आकडा १५ ते ४९ वयाच्या बायकांचा आहे. सासू-सासऱ्यांचं करणारी ५४ वर्षांची मामी त्या मोजणीत बसतच नाही.

नेदरलँड्सचे अभ्यासक यान व्हान डाइक यांनी २००५ मधल्या आपल्या पुस्तकात या वंचिततेच्या चार पायऱ्या सांगितल्या. इच्छा, साधन, कौशल्य आणि प्रत्यक्ष वापर. नुसता मोबाइल वाटून प्रश्न सुटत नाही, हे त्यातून समजतं. मामीला या चौकटीत ठेवून पाहिलं. इच्छा आहे, गरजच आहे. साधन आहे. कौशल्य तिनं रात्री जागून कमावलंय. वापर तर वहीभर आहे. चारही पायऱ्या चढून ती वर पोचली.

भाषेची एक अडचण तरीही राहिली. मामी घडाघडा तेलुगू बोलते, पण तेलुगू लिपी वाचता येत नाही. इंग्रजी अक्षर लावून लावून वाचते. तिथल्या बहुतेक ॲपवर तेलुगू, इंग्रजी आणि हिंदी असते, मराठी क्वचित. मग ती हिंदी निवडते, कारण लिपी तीच. पण लिपी तीच असली तरी शब्द कधी कधी दगा देतात. एका ॲपवर ‘कोई आपत्ति हो तो दर्ज करें’ असं आलं. मामी घाबरून मला म्हणाली, “आपत्ती? काय झालं आता?” हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत, आपल्याकडे आपत्ती म्हणजे संकट. हसलो आम्ही दोघी, पण ते बटण तिनं त्या दिवशी दाबलं नाही.

अशा वेळी घरातलं कोणीतरी मदतीला लागतं. मारिया बकार्जिएवा या संशोधिकेनं अशा माणसाला ‘वॉर्म एक्स्पर्ट’ म्हटलंय. तंत्रही कळतं आणि समोरचं माणूसही ओळखीचं, असा जवळचा जाणकार. आपल्यापैकी बहुतेक जण कोणाचे तरी असे जाणकार आहोत. “अगं ते तीन टिंबं दाब ना” असं फोनवर ओरडणारे. मलाही वाटायचं की थोडं समजावून सांगितलं की झालं. पाचव्या दिवशी जे घडलं त्यानंतर वाटेनासं झालं.

“डोळ्यांची उघडझाप करा”

आजोबांची पेन्शन ज्या बँकेत येते तिथून मेसेज आला की खात्याचं केवायसी पुन्हा करा, नाहीतर व्यवहार थांबतील. त्या खात्यातून दर महिन्याला औषधं, डायपर आणि दुपारी दोन तास येणाऱ्या ताईंचा पगार जातो. मेसेजमध्ये लिहिलं होतं, घरबसल्या, ॲपवरून करा.

घरबसल्या म्हटल्यावर आम्हाला बरंच वाटलं. आजोबांना खुर्चीत बसवलं, केस विंचरले, मोबाइल समोर धरला. पडद्यावर गोल आला. ‘चेहरा गोलात आणा.’ आणला. ‘डोळ्यांची उघडझाप करा.’

आजोबा पडद्यावरच्या स्वतःकडे पाहत राहिले. मामी म्हणाली, “मामंजी, डोळे मिटा.” त्यांनी डोळे मिटले आणि मिटूनच ठेवले. “उघडा आता.” उघडले तोवर वेळ संपला. दुसऱ्यांदा त्यांनी मान फिरवली. तिसऱ्यांदा म्हणाले, “हा कोण माणूस आहे? याला बसायला सांग.” चौथ्यांदा ॲपनं सांगितलं, आजचे प्रयत्न संपले.

मग मदतक्रमांक. पलीकडच्या मुलीचं बोलणं अगदी नम्र होतं. खातेदाराशीच बोलावं लागेल, म्हणाली. मामीनं फोन आजोबांच्या कानाला लावला. आजोबा ताठ बसले आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या आवाजात म्हणाले, “मी ऑफिसात आहे, नंतर फोन करा.” आणि फोन मामीच्या हातात दिला.

“मॅडम, तुम्ही कोण?” पलीकडून विचारलं.

“सून.”

“सॉरी मॅडम, फक्त खातेदार.”

मामी फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ चालू होता.

माझ्या लेखाचा मुद्दा त्या संध्याकाळी मिळाला. व्हान डाइकच्या चार पायऱ्यांच्या पुढे आणखी एक पायरी आहे. तिला मी ‘नातं’ म्हणेन. इंटरनेटवरच्या बहुतेक व्यवस्थेत एक माणूस गृहीत धरलाय: एक शरीर, एक नंबर, एक चेहरा, आणि तो माणूस शुद्धीवर, एकटा, स्वतःच स्वतःचं करणारा. काळजी घेणं म्हणजे नेमकं याच्या उलट, एकाचं दुसऱ्यानं करणं. त्यामुळे ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाला मामीकडे दोनच उत्तरं उरतात. खरं सांगितलं तर दार बंद. ‘मीच खातेदार’ म्हटलं तर दार उघडं, पण मग रोज थोडं खोटं बोलायचं. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ हे वाक्य जिथे तिथे असतं, आणि मामीचा सगळा संसार त्या ओटीपीवर चालतो.

कागदाला हे माहीत होतं

यापुढचं मला आजोबांच्या कपाटात सापडलं. तिथे पावत्यांची एक जुनी फाइल आहे. देवळाची वर्गणी, घरपट्टी, वाचनालयाची फी. अनेक पावत्यांवर नावाखाली एक शब्द आहे: ‘हस्ते’. पैसे अमुकचे, हस्ते तमुक. म्हणजे माणूस एक, हात दुसऱ्याचा, आणि दोघांचीही नावं कागदावर.

आपल्या मराठी कागदपत्रांना ही सवय फार जुनी आहे. ऐतिहासिक दस्तऐवजांत ‘बिकलम’ असं लिहून पुढे लिहिणाऱ्याचं नाव येतं. बोलणारा वेगळा, लेखणी चालवणारा वेगळा. ज्याला सही येत नाही त्याची ‘निशाणी’ असायची; शेतकऱ्याची ‘निशाणी नांगर’. अंगठ्याच्या शेजारी ‘दस्तुर’ म्हणून नाव लिहून देणाऱ्याची सही असायची. आणि स्वतःच्या हातानं लिहिलं तर मुद्दाम ‘दस्तुरखुद्द’ असं नोंदवायचे. म्हणजे स्वतःच्या हातानं लिहिणं हाच तिथे सांगण्यासारखा विशेष होता. दुसऱ्याचा हात लागणं ही रोजचीच गोष्ट होती, आणि ती लपवायची नव्हती.

हा कागद काही न्यायाचं राज्य नव्हता, हे मला कळतं. अंगठा घेऊन जमिनी लाटल्याच्या गोष्टी आपण अभ्यासक्रमात वाचल्याच आहेत. पण ‘हस्ते’ या शब्दासाठी कागदावर जागा होती. ॲपमध्ये ती जागा नाही.

अगदी अलीकडच्या बँकेच्या नियमांतही ही जाण दिसते. रिझर्व्ह बँकेच्या ग्राहकसेवेवरच्या परिपत्रकात वृद्ध, आजारी, असमर्थ खातेदारांसाठी वेगळा भाग आहे. पैसे काढताना सही करता येत नसेल तर हाताच्या अंगठ्याचा किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालेल. दोन साक्षीदार हवेत, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. तेही जमत नसेल तर नुसती खूण चालेल. पायाचा अंगठा! हे लिहिणाऱ्यानं कधीतरी अंथरुणाला खिळलेलं माणूस पाहिलं असणार.

मग ओटीपी सगळ्यांना वाटून टाकायचा का?

नाही. ओटीपीमागचं कारण खरं आहे. म्हाताऱ्या माणसाचे पैसे परक्यापेक्षा घरच्यांनी लुबाडल्याची उदाहरणं आपल्याला आजूबाजूलाच दिसतात. सून म्हणाली म्हणून बँकेनं खातं उघडून दिलं तर उद्या आपणच ओरडू. पण आज काय होतं ते पाहा. प्रामाणिक सून आणि लबाड पुतण्या, दोघंही सिम २ खिशात ठेवून तोच ओटीपी टाकतात. मशीनला दोघंही ‘आजोबा’च दिसतात. ‘हस्ते’ची नोंद असती तर निदान कोणी, कधी, काय केलं याचा माग राहिला असता. जागा दिली तरच लक्ष ठेवता येईल.

मुखत्यारपत्र करून ठेवा, असं लोक सांगतात. त्यात एक मेख आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते अधिकार संपतात. म्हणजे डिमेन्शियात ज्या दिवशी त्या कागदाची गरज पडते, त्याच दिवशी तो कामातून जातो. आणि हा प्रश्न दोन-चार घरांचा नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. त्यांतल्या बहुतेकांच्या मागे अशी एखादी मामी असणारच.

पण ‘हस्ते’ला डिजिटल जगात जागा देताच येत नाही, असंही नाही. तीन उदाहरणं देते.

पहिलं, २५ मार्च २०२० ची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं. त्यांत काळजीवाहक हा शब्द व्याख्येसह आहे. रुग्ण लहान मूल असेल किंवा डिमेन्शियासारख्या कारणानं स्वतः बोलू शकत नसेल, तर काळजीवाहक त्याच्या वतीनं डॉक्टरांशी बोलू शकतो. वहीतली सकाळी ९ ची नोंद आठवा. डॉक्टरांशी मामी ‘सून’ म्हणूनच बोलली होती. खोटं फक्त आत शिरताना, ओटीपीच्या वेळी लागलं.

दुसरं, कोविन. २०२१ मध्ये त्यावर खूप टीका झाली आणि ती योग्य होती. सुरुवातीला ते फक्त इंग्रजीत होतं. ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल दरीवरून सरकारला प्रश्न विचारले, आणि जूनमध्ये मराठी-तेलुगूसह इतर भाषा आल्या. पण एक गोष्ट त्यात सुरुवातीपासून होती. एका मोबाइल नंबरवर चार जणांची नोंदणी करता यायची, पुढे जानेवारी २०२२ मध्ये ती सहा झाली. घरात एकच जण सगळ्यांचं करतो, हे त्या रचनेला माहीत होतं. मामीनं एका नंबरवरून सासू, सासरे, नवरा आणि स्वतः अशी चार नावं घातली होती. माझी आजी त्यानंतर वर्षभरानं गेली.

तिसरं उदाहरण खुद्द हैदराबादचं. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची ‘एल्डर लाइन’ आज देशभर आहे. तिचं मूळ २०१७ मध्ये हैदराबादेत टाटा ट्रस्ट्स, विजयवाहिनी फाउंडेशन आणि तेलंगण सरकार यांनी सुरू केलेल्या कामात आहे. तिला ॲप लागत नाही. साधा फोन लावायचा, पलीकडे माणूस बोलतो.

आणि पापण्यांच्या उघडझापीबद्दल. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि इतरांची ती याचिका होती. चेहरा-डोळ्यांना इजा झालेल्यांना आणि अंधांना ऑनलाइन केवायसी करता येत नव्हतं. न्यायालयानं २० निर्देश दिले. पापणी मिटवणं हीच जिवंतपणाची एकमेव खूण धरू नका, हे त्यांतलं एक. निकाल लागून काही महिने झाले होते, आणि आम्ही नल्लकुंट्यात आजोबांना ‘डोळे मिटा’ म्हणत होतो.

शेवटी काय झालं

सहाव्या दिवशी मी आणि मामी दोघी मोबाइल घेऊन बसलो आणि पहिल्यांदाच वेगळं काहीतरी शोधलं. ॲप कसं चालवायचं ते नाही, नियम काय आहे ते. रिझर्व्ह बँकेचं ९ नोव्हेंबर २०१७ चं परिपत्रक सापडलं. सत्तरीपुढच्या आणि आजारानं असमर्थ असलेल्या ग्राहकांना केवायसीची कागदपत्रं आणि हयातीचा दाखला घरूनच देता यावा, अशी सोय बँकांनी करावी, असं त्यात होतं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे छापून घेतलं. मामीनं त्यावर पेनानं खूण केली, डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलं आणि शाखेत गेली.

पहिल्या दिवशी “साहेब रजेवर”. दुसऱ्या दिवशी “बघतो”. मी मुंबईला परतले. मामी त्यानंतर आणखी तीनदा गेली. प्रत्येक वेळी शेजारच्या तेलुगू काकूंना आजोबांजवळ बसवून. तिसऱ्या आठवड्यात एक तरुण अधिकारी घरी आले, आजोबांना नमस्कार केला, फॉर्मवर अंगठा घेतला, स्वतः साक्षीदार म्हणून सही केली. वीस मिनिटांत काम झालं. आजोबांनी त्यांना दोनदा बसायला सांगितलं आणि चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही.

या गोष्टीचा मी बराच विचार केला. इंटरनेटचा त्या घरातला सगळ्यात मोठा उपयोग कोणता झाला? इंटरनेटशिवाय काम करून घेण्याचा हक्क कुठे लिहिलाय, ते सापडलं. आणि तो हक्क वापरायला मामीला पाच फेऱ्या लागल्या. शेजारच्या काकू नसत्या तर त्याही जमल्या नसत्या.

आपण काय करू शकतो

अभ्यासलेखाच्या शेवटी उपाय लिहायचे असतात. माझ्याकडे मोठे उपाय नाहीत, तीन लहान आहेत.

एक, घरातल्या काळजी घेणाऱ्या माणसाला ‘हे बटण दाब’ शिकवतो तसं ‘हा नियम माग’ हेही शिकवू या. परिपत्रकाची एक प्रत व्हॉट्सॲपवर पाठवण्यापेक्षा छापून दिलेली जास्त कामाची ठरते.

दोन, आपण भाषेचे विद्यार्थी आहोत. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला तिथल्या सेवा मराठीत मिळणं सहजासहजी होणार नाही. पण डिमेन्शिया, पक्षाघात, डायलिसिस यांवरची सोपी, खरी, मराठी माहिती, तीही ऐकता येईल अशी, आपण तयार करू शकतो. रात्री पावणेतीनला कोणीतरी माइकवर नांदेडच्या बोलीत प्रश्न विचारतंय, हे लक्षात ठेवून.

तीन, जे संगणकशास्त्र शिकतायत, पुढे ॲप बनवणार आहेत, त्यांना एक विनंती. फॉर्ममध्ये एक रकाना ठेवा. त्याला नाव द्यायला शब्द सापडत नसेल तर आजोबांच्या पावतीवरचा घ्या: ‘हस्ते’.

निघायच्या दिवशी सकाळी मी मामीच्या मोबाइलमधले मेसेज नीट लावून देत होते. सिम २ चे सगळे वाचलेले, जपून ठेवलेले. सिम १ वर, म्हणजे तिच्या स्वतःच्या नंबरवर, बारा दिवसांपूर्वीचा एक मेसेज तसाच पडला होता. तिच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट आला होता, लिंक उघडलेली नव्हती.

“मामी, हा बघितलास का?”

“बघते की गं,” ती म्हणाली, “आधी मामंजींचं होऊ दे.”

मी लिंक उघडली. ओटीपी आला, तिच्याच नंबरवर. मी विचारला आणि तिनं, कोणालाही सांगू नका असं लिहिलेला तो आकडा, मला वाचून दाखवला. साखर बरीच वाढलेली होती. डॉक्टरांची वेळ मी तिथेच बसून घेतली. नावाच्या रकान्यात मामीचं नाव घातलं. माझं घालायला जागा नव्हती.